आउटबोर्ड मशीनला तेल कोणतं घालायचं?

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून बसवलेलं इंजिन. त्याच्यासाठी दुकानात तेल मागायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचं देऊ?" खरं तर तो शेवटचा प्रश्न. आधी मशीन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हे पक्कं हवं, मग डब्यावर कोणता दर्जा छापलाय ते बघायचं, आणि पाण्याखालच्या पंख्याजवळच्या (प्रोपेलरजवळच्या) गिअरला निराळंच तेल लागतं हे लक्षात ठेवायचं. एवढं जमलं तर कंपनी कुठलीही घ्या, फार बिघडत नाही. हे चुकलं तर सगळ्यात महागडं तेलही इंजिन वाचवत नाही.

खाली जे आहे ते २ ते ६० अश्वशक्तीच्या मशिनांसाठी. किनाऱ्यालगत जाळं टाकणारी फायबरची होडी, खाडीतली प्रवासी बोट, तारकर्लीची स्कूबाची बोट, गोव्यातली वॉटरस्पोर्ट्सची बोट, सगळीकडे साधारण हीच मशिनं दिसतात.

आधी मशीन ओळखा

नवीन मशिनासोबत पुस्तिका मिळते. पण पुष्कळ आउटबोर्ड दुसऱ्या-तिसऱ्या हाताने विकत घेतलेली असतात. पुस्तिका हरवलेली, झाकणावरचे स्टिकर उन्हाने उडालेले. अशा वेळी मशीन ज्या क्लॅम्पने बोटीच्या मागच्या फळीला धरलेलं असतं त्या ब्रॅकेटवरची पट्टी पुसून बघा. मॉडेलचा कोड तिथे असतो. यामाहाच्या कोडमध्ये आकड्याआधी 'एफ' असेल तर फोर-स्ट्रोक, 'ई' असेल तर एंड्युरो म्हणजे टू-स्ट्रोक. सुझुकीत 'डीएफ' फोर-स्ट्रोक, 'डीटी' टू-स्ट्रोक. तोहात्सूत 'एमएफएस' फोर-स्ट्रोक आणि नुसतं 'एम' टू-स्ट्रोक.

कोड वाचता येत नसेल तर वरचं झाकण काढा. इंजिनात डिपस्टिक आणि तेल ओतायचं बूच दिसलं की ते फोर-स्ट्रोक. डिपस्टिक नाही, पण झाकणाखाली तेलाची वेगळी प्लॅस्टिकची टाकी आहे, तर ते ऑइल-इंजेक्शनवालं टू-स्ट्रोक; काही मशिनांत ही टाकी बोटीत बाहेरही ठेवलेली असते. दोन्ही नसेल तर साधं टू-स्ट्रोक, म्हणजे तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच द्यायचं.

विकणाऱ्याच्या तोंडी माहितीवर हे ठरवू नका. फोर-स्ट्रोक समजून साधं पेट्रोल भरलं आणि मशीन टू-स्ट्रोक निघालं, तर ते खाडी पार करायच्या आत जाम होईल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे बेअरिंग, पिस्टन आणि रिंगा यांना वंगण फक्त पेट्रोलबरोबर आलेल्या तेलाचंच मिळतं. दुसरी सोय नाही.

टू-स्ट्रोक: डब्यावर टीसी-डब्ल्यू३ हवंच

आउटबोर्डच्या टू-स्ट्रोक तेलाचा दर्जा म्हणजे टीसी-डब्ल्यू३. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा, म्हणजे एनएमएमएचा, हा दर्जा १९९२ पासून आहे आणि सगळ्या मोठ्या आउटबोर्ड कंपन्या तोच मागतात. प्रमाणित तेलाच्या डब्यामागे बारीक अक्षरात 'आरएल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसतं 'मरीन' किंवा 'आउटबोर्डसाठी योग्य' असं छापलेलं पुरेसं नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका. पुष्कळ मरीन तेलं निळी असतात, पण निळं रंगवलेलं मोटारसायकलचं तेलही मिळतं.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. पेट्रोलपंपावर '२टी' सहज मिळतं. कोकणात घरोघरी ग्रासकटर असतो, त्याच्यासाठी आणलेलं २टी खोपीत पडलेलं असतं. तेही टू-स्ट्रोकचंच तेल, मग काय बिघडलं? बिघडतं ते असं. मोटारसायकलचं आणि ग्रासकटरचं इंजिन हवेने थंड होतं, म्हणून पिस्टन खूप तापतो. त्या उष्णतेत रिंगा स्वच्छ राहाव्यात यासाठी त्या तेलात कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगं घातलेली असतात. ती जळली की थोडी राख उरते. जासो या जपानी मानकाच्या एफबी आणि एफसी दर्जाच्या तेलात ०.२५ टक्क्यांपर्यंत राख चालते. रस्त्यावरच्या गाडीला तेवढी सोसते, कारण गाडी कधी हळू, कधी जोरात, कधी सिग्नलला उभी असते.

आउटबोर्डचं तसं नसतं. सिलिंडरभोवती सतत समुद्राचं थंड पाणी खेळतं आणि मशीन तासन्‌तास जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर चालतं. राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर साचत जाते. प्लगच्या दोन टोकांमध्ये तिचा पूल झाला की ठिणगी मरते आणि एक सिलिंडर बंद पडतो. त्याहून वाईट म्हणजे पिस्टनवरचा राखेचा थर तापून लाल होतो, प्लगची ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटवतो, आणि पिस्टनला भोक पडतं. टीसी-डब्ल्यू३ तेलात राख करणारे धातू नसतात, साफसफाईचं काम नायट्रोजनयुक्त संयुगं करतात. शिवाय गंजरोधक चाचणी आणि पेट्रोलमध्ये पटकन मिसळण्याची चाचणीही त्याने दिलेली असते.

उलटही करू नका. बोटीचं उरलेलं टीसी-डब्ल्यू३ ग्रासकटरमध्ये घातलं तर त्या तापलेल्या पिस्टनवर ते टिकत नाही आणि रिंगा चिकटतात. दोन डबे, दोन निशाण्या.

मिनरल, सेमी-सिंथेटिक की सिंथेटिक? टीसी-डब्ल्यू३ असेल तर तिन्ही चालतात. सिंथेटिकचा धूर कमी आणि काजळीही कमी, त्यामुळे बोटीत पर्यटक बसवणाऱ्यांना ते परवडतं. मासेमारीच्या होडीला चांगलं मिनरल पुरेसं आहे. मात्र "सिंथेटिक आहे, निम्मंच घाला" हा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. प्रमाण मशीन ठरवतं, तेल नाही. एव्हिनरुडच्या ई-टेकसारख्या थेट इंजेक्शनच्या टू-स्ट्रोकला मात्र कंपनीने पुस्तिकेत सांगितलेलंच तेल घ्या.

पेट्रोलमध्ये मिसळायचं किती आणि कसं

५०:१ म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल. हिशेब सोपा आहे, एक लिटरला २० मिली:

५ लिटर पेट्रोल – १०० मिली
१० लिटर – २०० मिली
२० लिटर – ४०० मिली
२४ लिटर (बोटीतल्या नेहमीच्या लाल टाकीचं एक प्रचलित माप) – ४८० मिली

अलीकडच्या बहुतेक साध्या टू-स्ट्रोक मशिनांना ५०:१ लागतं. नव्या किंवा नवे पिस्टन-रिंगा घातलेल्या मशिनाला पहिले दहा तास २५:१, म्हणजे दुप्पट, लिटरला ४० मिली. काही मशिनांच्या पुस्तिकेत १००:१ दिलेलं असतं. पुस्तिका हातात असेल तरच ते पाळा. ऐकीव माहितीवर १००:१ ला जाऊ नये, ५०:१ ने नुकसान व्हायची शक्यता फार कमी.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. कॅनमध्ये आधी लागेल त्याच्या निम्मं पेट्रोल घ्या. त्यात मापाने मोजलेलं सगळं तेल ओता, झाकण लावून नीट हलवा. मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. रिकाम्या टाकीत आधी तेल ओतलं तर ते तळाशी, थेट नळीच्या तोंडाशी बसतं. मशीन सुरू करताना आधी निव्वळ तेल येतं आणि प्लग ओले होतात, पुढे कमी तेलाचं पेट्रोल जातं. हे सगळं बोटीत बसून नको, धक्क्यावर कॅन जमिनीला टेकवून करा. कॅन हवेत धरून ओतलं तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. बिडी-सिगारेट लांब.

तेल बाटलीच्या बुचाने किंवा अंदाजाने मोजू नका. मेडिकलच्या दुकानात मिळणारं मिलीच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं कॅनलाच बांधून ठेवा. कॅनवर मार्करने प्रमाण आणि तारीख लिहा. होडीवर दोन माणसं आळीपाळीने पेट्रोल भरत असतील तर हे फारच गरजेचं, नाहीतर एकाच कॅनमध्ये दोनदा तेल पडतं किंवा एकदाही पडत नाही.

कमी तेल पडलं तर पिस्टन सिलिंडरला घासतो, उभे ओरखडे पडतात आणि मशीन जाम होतं. हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणूनच "जास्त घातलेलं बरं" असं म्हणून हात सैल सोडला जातो. जास्त तेलाने प्लग ओले-काळे होतात, एक्झॉस्टमध्ये काजळी बसते, रिंगा चिकटतात. आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही: कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

प्लग काढून बघायची सवय ठेवा. टोक चहासारखं तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलं असेल तर तेल जास्त किंवा मशीन फार वेळ हळू चालवलंय. पांढरट आणि फोड आल्यासारखं असेल तर मशीन तापतंय. पेट्रोल कमी येतंय की थंड करणारं पाणी, ते लगेच शोधा.

मिसळलेलं पेट्रोल महिनाभरात संपवा. मशीन आठवडाभर बसणार असेल तर शेवटी पेट्रोलची नळी काढून, पाणी सुरू असताना, मंद गतीवर ते आपोआप बंद होईपर्यंत चालवा. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट तेल उरतं आणि पुढच्या वेळी दोरी ओढून हात दुखतो.

ई२० पेट्रोलचा प्रश्न

पंपावरचं पेट्रोल आता बहुतेक ठिकाणी ई२० आहे, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. पुष्कळ आउटबोर्ड कंपन्यांनी पुस्तिकेत कमाल मर्यादा ई१० दिलेली आहे. जुन्या मशिनांच्या नळ्या आणि हाताने दाबायचा रबरी बल्ब इथेनॉलने मऊ पडतात, कार्बोरेटरचे भाग गंजतात. पण तेलाच्या दृष्टीने खरा धोका वेगळा आहे.

इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. किनाऱ्यावर, झाकणाची वाफ-चकती (टाकीत हवा येऊ देणारी) उघडी ठेवलेल्या टाकीत, हे लवकर होतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं आणि पेट्रोल वर राहतं. तुम्ही मोजून घातलेलं तेल त्या वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीची नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला पाणी मिसळलेलं इथेनॉल मिळतं, तेलाचा थेंब नाही. प्रमाण अचूक असूनही टू-स्ट्रोक जाम झालं तर संशय इथे घ्यावा.

उपाय साधेच आहेत. पेट्रोल थोडं आणि ताजं आणा, दोन-तीन फेऱ्यांपुरतंच मिसळा. टाकी न वापरता ठेवताना वाफ-चकती बंद करा. चालवताना उघडायला विसरू नका, नाहीतर पेट्रोल येणं थांबतं. टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर बसवा. शंका आली तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला की ती टाकी पूर्ण रिकामी करा. वरून नवीन पेट्रोल घालून हे सुधारत नाही.

रॉकेलवर चालणारी मशिनं पश्चिम किनाऱ्यावर अजून आहेत. त्यांचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं. साध्या पेट्रोल-मशिनात रॉकेल घालू नये. रॉकेल-मशिनांच्या रॉकेलमध्येही टीसी-डब्ल्यू३ मिसळावं लागतं, प्रमाण त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे. सुरुवात पेट्रोलवर आणि बंद करायच्या आधी काही मिनिटं परत पेट्रोलवर, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल अडकून राहत नाही.

ऑइल-इंजेक्शन असेल तर

टाकीत साधं पेट्रोल, तेलाच्या टाकीत टीसी-डब्ल्यू३. पंप गतीप्रमाणे तेल देतो, म्हणून मंद चालताना धूर कमी. नव्या मशिनाला मात्र पहिल्या दहा तासांत, पंपाच्या तेलाबरोबरच, पेट्रोलमध्येही ५०:१ मिसळायला बऱ्याच पुस्तिका सांगतात. तेलाची टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. नळीत हवा शिरली की टाकी भरूनही तेल पुढे सरकत नाही. नळीतली हवा काढावी लागते आणि तोवर पेट्रोलमध्ये ५०:१ मिसळूनच चालवावं. तेलाचा भोंगा वाजला तर "घरी जाऊन बघू" म्हणू नका. थ्रॉटल कमी करा, मशीन थांबवा, टाकी बघा.

पंपावर भरवसा नसलेले जुने मेकॅनिक तो काढून साधं मिश्रण सुरू करतात. काम नीट झालं तर चालतं, पण ती बोट पुढे विकली जाते आणि नवा मालक साधं पेट्रोल भरतो. जुनं मशीन घेताना तेलाच्या टाकीतून निघालेली नळी पंपापर्यंत जाते का, की मध्येच बूच मारलंय, हे डोळ्याने बघा.

फोर-स्ट्रोक: थोडी मोकळीक आहे

फोर-स्ट्रोकचा दर्जा एफसी-डब्ल्यू, तोही एनएमएमएचाच. टू-स्ट्रोकमध्ये तडजोड नाही, इथे थोडी आहे. यामाहाच्या अनेक पुस्तिका एफसी-डब्ल्यूबरोबर एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) एसजी, एसएच, एसजे, एसएल दर्जाचं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० (हे आकडे चिकटपणाचे) तेलही चालतं असं सांगतात. म्हणजे कारचं चांगलं तेल घातलं तर इंजिन लगेच बसणार नाही. समुद्रात तेल कमी पडलं आणि जवळ मोटारसायकलचं १०डब्ल्यू-४० आहे, तर ते घालून परत येणं कमी तेलावर चालवण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

मग एफसी-डब्ल्यू कशाला? कारण त्याने गंजरोधक, फेस न होण्याची आणि चिकटपणा टिकवण्याची चाचणी आउटबोर्डच्या परिस्थितीसाठी दिलेली असते. हे इंजिन ५००० ते ६००० आरपीएमवर तासभर ओढतं, कार तसं क्वचितच. थंड समुद्राच्या पाण्यामुळे ते कारपेक्षा कमी तापमानावर चालतं, म्हणून तेलात शिरलेलं पेट्रोल आणि बाष्प जळून जात नाही. आणि आठवडाभर खाऱ्या हवेत टांगून ठेवलेल्या इंजिनात आतून गंज धरायला वेळ लागत नाही. तेल वर्षाला तीन-चार लिटर लागतं. त्यात वाचवलेले पैसे कुठे जाणवतही नाहीत.

चिकटपणा कोणता घ्यायचा हे पुस्तिकेतल्या तापमानाच्या तक्त्यावर बघा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे ५डब्ल्यू-३० ची गरज नाही. तक्ता परवानगी देत असेल तर १०डब्ल्यू-४० कोकणाच्या उन्हाळ्याला चांगलं. मर्क्युरीची बरीच मशिनं २५डब्ल्यू-४० घेतात, तेही इथे ठीक. ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू-४० घरात वीस लिटरच्या बादलीत असतं म्हणून तेच ओतायचं, हे मात्र टाळा; निम्म्याहून कमी आरपीएमवर चालणाऱ्या इंजिनासाठी ते बनवलेलं असतं.

टू-स्ट्रोकचं तेल फोर-स्ट्रोकच्या डिपस्टिकच्या भोकातून ओतलं तर काय? ते फार पातळ असतं, बेअरिंग जातात. मशीन सुरू करू नका, सगळं काढा. उलट, फोर-स्ट्रोकचं तेल पेट्रोलमध्ये मिसळून टू-स्ट्रोकला दिलं तर ते नीट मिसळत नाही आणि राखही करतं.

तेल बदलायची पहिली वेळ नवीन मशिनात २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. २५ ते ४० अश्वशक्तीच्या मशिनात साधारण दीड ते तीन लिटर बसतं, नेमका आकडा पुस्तिकेत. मशीन मफ (पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसणाऱ्या, नळाच्या पाइपला जोडलेल्या रबरी वाट्या) लावून किंवा पाण्याच्या पिंपात पाच मिनिटं चालवून तेल कोमट करा. पाण्याशिवाय सुरू केलंत तर पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर काही सेकंदांत जळतो. मग मशीन उभं सरळ करा, ड्रेन बोल्ट काढा, तेल पूर्ण गळू द्या. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट फिरवा आणि फिल्टर हाताने टेकेपर्यंत व त्यानंतर पाऊण फेरा आवळा. ड्रेनला नवा वॉशर. ठरलेल्या मापापेक्षा थोडं कमी तेल ओता, सुरू करा, दोन मिनिटांनी बंद करा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा आणि मग राहिलेलं घाला.

डिपस्टिक बघताना मशीन उभं सरळ हवं. टिल्ट केलेल्या मशिनाची पातळी खोटी दिसते आणि लोक वर आणखी ओततात. जास्त तेलाचा फेस होतो, ते इंजिनाच्या वाफ सोडणाऱ्या नळीतून हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जातं आणि धूर सुरू होतो.

न घालताच पातळी वाढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर तेलात पेट्रोल उतरतंय. जाळं ओढताना तासन्‌तास मंद चालणाऱ्या मशिनात हे होतं. अशा मशिनाला परतताना दहा-पंधरा मिनिटं जोरात चालवावं आणि थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का ते तपासावं. बुचाखाली थोडा पांढरट लगदा दिसला तर बहुतेक बाष्प. डिपस्टिकवरचं सगळं तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, चालवू नका.

गिअर ऑइल: सगळे विसरतात ते

पंख्याजवळच्या गिअरच्या डब्यात वेगळं तेल असतं, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक दोन्हींत. तो भाग कायम पाण्याखाली असतो आणि पाणी आत येण्यापासून त्याला फक्त दोन-तीन रबरी सील वाचवतात. म्हणून मरीन गिअर ऑइल घ्या: थोडं पाणी शिरलं तरी ते वंगण सोडत नाही. दर्जा पुस्तिकेप्रमाणे, सहसा ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबर, एपीआय जीएल-४ किंवा जीएल-५. ट्रकचं १४० नंबर नको. छोट्या ८ ते १० अश्वशक्तीच्या मशिनात साधारण १५० ते २५० मिली, २५ ते ४० मध्ये साधारण ३०० ते ५०० मिली बसतं.

पहिल्यांदा २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला. पद्धत उलटी वाटते, पण तशीच करायची:

१. मशीन उभं सरळ ठेवा, खाली भांडं. चावी काढा किंवा प्लगची वायर काढा.
२. आधी खालचा स्क्रू काढा आणि लगेच बाहेर आलेले पहिले काही थेंब नीट बघा. पाणी असेल तर ते तळाशी असतं आणि आधी निघतं.
३. वरचा पातळीचा स्क्रू काढा, म्हणजे तेल पूर्ण गळेल. अर्धा तास जाऊ द्या.
४. ट्यूब किंवा हातपंप खालच्या भोकात बसवून तळापासून वर भरा. वरून भरलं तर हवा अडकते आणि डबा अर्धाच भरतो.
५. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू नव्या वॉशरसह लावा. मग ट्यूब काढून पटकन खालचा लावा. वरचं भोक बंद असल्याने तेल फारसं सांडत नाही.

जुना वॉशर परत लावू नका; दोन रुपयांच्या वॉशरवरून गिअरचा डबा पाण्याने भरतो. जुन्या जॉन्सन-एव्हिनरुडमध्ये ड्रेनजवळच एक फिलिप्स डोक्याचा स्क्रू असतो, तो गिअर बदलणाऱ्या खिट्टीचा आहे. तो काढलात तर मशीनचा पाय (खालचा गिअरचा भाग) उघडल्याशिवाय ती खिट्टी जागेवर बसत नाही. चपटी खाच असलेले मोठे स्क्रू तेलाचे.

निघालेलं तेल काय सांगतं? काळसर आणि थोडा वास, तर जुनं झालं, इतकंच. दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचं असेल तर पाणी शिरलंय. मेकॅनिककडून हवेच्या दाबाची चाचणी करून गळणारं सील शोधून घ्या. ड्रेन स्क्रूच्या चुंबकाला बारीक चिखलासारखी भुकटी नेहमीची. पण नखाएवढे तुकडे निघाले तर गिअरचा दात गेला, मशीन वापरू नका.

सील जायचं मुख्य कारण म्हणजे तंगूस. जाळ्याचा धागा पंख्यात गुंडाळला की तो शाफ्टवरून आत सरकतो आणि सीलची कड कापतो. पंखा दर महिन्याला काढा, शाफ्ट पुसा, धागा कापून काढा, मरीन ग्रीस लावून परत बसवा. जाळ्यावर चालणाऱ्या होडीला दर पंधरा दिवसांनी बघितलं तरी जास्त नाही.

पावसाळ्यात मशीन ठेवताना

जून-जुलैची मासेमारीबंदी आणि मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत बंद असणारी वॉटरस्पोर्ट्स, यामुळे मशीन दोन-तीन महिने ओलसर हवेत पडून राहतं. तेलाचं अर्धं काम इथेच आहे. फोर-स्ट्रोकचं तेल ठेवायच्या आधी बदला, नंतर नको. वापरलेल्या तेलातलं आम्ल आणि ओल बेअरिंगला खातात. गिअर ऑइलही आधीच बदला, पाणी शिरलेलं असेल तर तीन महिन्यांत आत गंज धरतो. गोड्या पाण्याने मशीन दहा मिनिटं फ्लश करा.

मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिली टीसी-डब्ल्यू३ सोडा (फोर-स्ट्रोकला स्वच्छ इंजिन ऑइल चालतं), प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून (अर्थ करून) फ्लायव्हील हाताने दोन-तीनदा फिरवा, प्लग परत बसवा. फॉगिंग ऑइलचा (ठेवणीच्या इंजिनात फवारायच्या गंजरोधक तेलाचा) स्प्रे मिळाला तर तो जास्त सोयीचा. मशीन उभंच ठेवा. आडवं पडलेलं फोर-स्ट्रोक सिलिंडरमध्ये तेल सोडतं. वापरलेलं तेल खाडीत किंवा वाळूत ओतू नका, जुन्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, ते लोक भंगारात घेतात.

मोसम सुरू होताना आधी पेट्रोलची जुनी नळी आणि बल्ब दाबून बघा, मऊ झाला असेल तर बदला. प्लग काढून दोरी चार-पाचदा ओढा, साठलेलं तेल उडून जाऊ द्या, मग नवे प्लग. टाकीत ताजं मिश्रण घाला, मशीन पाण्यात उतरवा. पहिली पाच-दहा मिनिटं निळसर धूर येणारच, ते ठेवणीचं तेल जळतंय. तो पंधरा मिनिटांनंतरही थांबला नाही तर आधी कॅनवरचं प्रमाण आणि तारीख वाचा.